कासव फलकासाठी एआय चित्र: आधी खवले मोजा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या कासव-संवर्धनाच्या फलकासाठी एआयने बनवलेलं चित्र वापरावं, अशी एक सूचना आहे. चालेल, पण आधी पाठीवरचे खवले मोजा. मधल्या रांगेच्या प्रत्येक बाजूला ऑलिव्ह रिडलेला (वेळासला अंडी घालायला येणारं समुद्री कासव) सहसा सहा किंवा जास्त खवले असतात, हिरव्या समुद्री कासवाला चार. नुसतं ‘समुद्री कासव’ लिहिलं की बहुधा हिरवंच येतं, कारण फोटो त्याचेच जास्त. म्हणून ऑलिव्ह रिडलेचा आपला खरा फोटो संदर्भ म्हणून जोडा. पिल्लं काळपट करडी हवीत, हिरवी गोंडस नकोत!

छपाईचंही बघा. १०२४ पिक्सेल रुंदीचं चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ८.७ सेंमी भरतं. ए३ कागदाला ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. अपस्केलर (चित्राचे पिक्सेल वाढवणारं साधन) वाढवताना खवल्यांच्या रेषा मनाने भरतो, तेव्हा मोजणी पुन्हा करा. प्लास्टिकात अडकलेलं कासव मात्र एआयकडून नकोच. तिथे लोक फोटो पुरावा म्हणून बघतात.