वाचनालय नऊपर्यंत, बस सहाला
निर्णय घेणाऱ्या मंडळांवर शिक्षक-विद्यार्थ्यांच्या जागा वाढवल्या की विद्यापीठाचा कारभार सुधारेल, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. जागा असतातच हो, बैठकीचा कागद हातात कधी पडतो ते बघा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात संस्थेचा विकास आराखडा नियामक मंडळ, प्राध्यापक, विद्यार्थी आणि कर्मचारी यांनी मिळून करायचा, असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे नुसता मंजूर करायचा नाही, तयार करतानाच सगळे हवेत.

गोव्यातल्या एका कॉलेजात मी शिक्षक प्रतिनिधी होतो. पाच वर्षांचा आराखडा आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आला, साठेक पानं. बैठकीत चहा येईपर्यंत मंजूरसुद्धा! त्यात वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवायचं होतं. कल्पना छानच, पण सत्तरी तालुक्याकडच्या मुली सहाच्या कदंबसाठी, म्हणजे सरकारी बससाठी, साडेपाचलाच दप्तर आवरायच्या. हे वाचनालयातल्या शिपायाला रोज दिसत होतं, पण त्याला विचारतो कोण? मी मुद्दा काढला, तर 'इतिवृत्तात नोंद घेऊ' म्हणाले. इतिवृत्तात ती ओळही आली नाही. पुढे काही महिने रिकाम्या खुर्च्यांवर दिवे-पंखे चालले आणि मग वेळ गुपचूप पुन्हा सहावर आली.