डॉर्ममधला खालचा बंक कुणाला?

कॅलिपरवाली:
गेल्या महिन्यात गोव्यात एका हॉस्टेलात सहा जणींच्या डॉर्ममध्ये बेड घेतला. पोलिओमुळे डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा धातूचा पट्टा आहे, खालचाच बंक लागेल, हे बुकिंग करतानाच कळवलं होतं. रात्री पोचले तर वरचा! काउंटरवर म्हणाले, "आधी येईल त्याला खालचा. जमत नसेल तर प्रायव्हेट रूम घ्या." तिचं भाडं तिप्पट. शिडी लोखंडी गोल नळ्यांची, कॅलिपरचा बूट त्यावर टिकणं शक्यच नव्हतं. शेवटी एका मुलीने आपणहून जागा दिली. पण माझी झोप कुणाच्या चांगुलपणावर का सोडायची? दोन खालचे बंक राखून ठेवा.

हॉस्टेलचालक:
ताई, तुमच्या बाबतीत झालं ते चूकच. तरी राखीव बंकना माझा विरोध आहे. माझ्याकडे दहाच बेड आणि सीझन चार महिन्यांचा. बेड रिकामा गेला तर ते पैसे कोण देणार? त्यात घर जुनं, भाड्याचं. दाराशी तीन पायऱ्या, म्हणजे दीड फूट उंची. 1:12 ने, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरली तर, रॅम्प अठरा फुटांचा होतो, अंगणच बारा फुटांचं आहे.

कायदेवाचक:
रॅम्पची अडचण खरी आहे, पण इथे प्रश्न बंकचा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच धरलाय. वाजवी म्हणजे चालकावर अवाजवी बोजा न पडेल अशी. बुकिंगमध्ये खालचा बंक लिहून ठेवण्यात कसला बोजा?

रातराणी:
माझे गुडघे दुखतात, पण दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट नाही. मी आधी पैसे भरून घेतलेल्या बंकवरून मला रात्री अकराला उठवणार का? हे मला मुळीच पटत नाही.

कॅलिपरवाली:
तुम्हाला उठवायची वेळच येऊ नये, म्हणून तर आधीच ठरवा म्हणते. रेल्वेत दिव्यांग कोट्यातल्या उरलेल्या जागा चार्ट बनताना वेटिंगवाल्यांना जातात. तसा राखीव बंक कुणी बुक केला नसेल तर संध्याकाळी सहाला इतरांसाठी सोडून द्या.

पांढरी काठी:
मला दिसत नाही, पण वरचा बंक चालतो. माझी अडचण जमिनीवर असते. मध्यरात्री बाथरूमला निघालं की वाटेत कुणाची तरी सॅक. एका ठिकाणी काउंटरवरच्या बाईंनी माझा हात शिडीला, स्विचला, दाराच्या कडीला लावून दाखवला आणि सगळ्यांना बॅगा बेडखाली सरकवायला सांगितल्या. दोन मिनिटं लागली. काय हवंय ते आधी आम्हालाच विचारा ना.

हॉस्टेलचालक:
सहाची वेळ मला चालेल. पण बंक एकच, दोन परवडत नाहीत. पायऱ्यांचे फोटो आजच बुकिंगच्या पानावर टाकतो.