सरांनी लेफ्ट फील्डला टाकलंय, तिथे नक्की करायचं काय?

गंगापूररोडवाली
नमस्कार सगळ्यांना, मी एफवायला आहे, शाळेपासून सॉफ्टबॉल खेळते, आत्तापर्यंत कायम सेकंड बेसला होते आणि आता कॉलेजच्या टीममध्ये सरांनी डायरेक्ट लेफ्ट फील्डला, म्हणजे थर्ड बेसच्या मागे लांब मैदानात, उभं केलंय. म्हणाले पळतेस चांगली, जा तिकडे. बास एवढंच. पहिल्या दिवशी दीड तासात तीन बॉल आले, एक डोक्यावरून गेला, एक पायाखालून गेला आणि तिसरा आला तेव्हा मी बाजूच्या क्रिकेटवाल्यांचा कॅच बघत होते (हसू नका). मैदानाला कुंपण नाही, बॉल सुटला की थेट गाड्या लावल्यात तिथपर्यंत जातो आणि मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. आई म्हणते एवढं लांब उभं केलं म्हणजे तुला काढायच्या बेतात आहेत. खरंच तसं असतं का? आणि डोक्यावरून जाणाऱ्या बॉलचं काय करू? पुढच्या महिन्यात इंटरकॉलेज आहे.

जुनी_सातनंबरी
अगं काढायच्या बेतात वगैरे काही नाही, आईंना सांग निवांत राहा. स्कोअरशीटवर लेफ्ट फील्डचा नंबर ७, मी कॉलेजची तीन वर्षं तिथेच काढली. उजव्या हाताच्या बॅटरनं बॅट जरा लवकर फिरवली की बॉल तुझ्याच बाजूला येतो, आणि आपल्याकडे बहुतेक मुली उजव्याच. एखादीला लपवायचंच असेल तर राइटला लपवतात (राइटवाल्यांनो चिडू नका, फर्स्ट बेसच्या मागे तुम्हीच धावता, माहितीये मला).

डोक्यावरून गेला म्हणजे तू उलटी पावलं टाकत मागे गेली असणार. इनफिल्डमधून (बेसजवळच्या जागांवरून) आलेल्या सगळ्या तेच करतात. तसं पळताच येत नाही गं, टाच अडकली की आडवी. बॉल उजव्या खांद्यावरून चाललाय असं वाटलं की उजवा पाय मागे टाकायचा, अंग वळवायचं आणि सरळ पळत सुटायचं, मान तेवढी बॉलकडे. डाव्या खांद्यावरून असेल तर डावा पाय. आणि चवड्यांवर पळ, टाचा आपटत पळालीस की डोळे हलतात आणि बॉल हवेत नाचतोय असं दिसतं. काहीच कळलं नाही तर पहिलं पाऊल मागे. पुढे पडलेला बॉल एक बेस देतो, मागे गेलेला तुमच्या गाड्यांपर्यंत जातो.

आता लाईनचं. होमकडे (बॅटर उभी असते तिकडे) तोंड करून उभी राहिलीस की फाउल लाईन तुझ्या उजव्या हाताला येते. ग्लोव्ह डाव्या हातात, म्हणजे लाईनजवळचा बॉल बॅकहँडला. त्यात उजव्या बॅटरनं ओढून मारलेला बॉल हवेत लाईनकडेच वळत जातो, आणि डावरीनं उशिरा मारलेला पण तिकडेच. त्यामुळे बॉल दिसतोय तिथे पळून उपयोग नाही, दोन-तीन पावलं लाईनच्या बाजूला धरूनच पळायचं. मला हे कळायला एक अख्खा सीझन गेला, तोपर्यंत बॉल येऊन ग्लोव्हच्या पलीकडे पडायचा आणि मला वाटायचं वाराच वाईट आहे.

मिसळ_आणि_मिडविकेट
मला सॉफ्टबॉलमधलं फार कळत नाही पण डीप मिडविकेटला उभं राहतो तसंच ना हे? तिकडे पण लोकांना वाटतं आरामाची जागा आहे आणि सगळ्या शॉट तिकडेच.

सिडकोचा_शॉर्टस्टॉप
@मिसळ दिशा तीच पण अर्धंच काम झालं. कॅच घेऊन टाळ्या वाजवत बसलास तर सॉफ्टबॉलमध्ये मागून रनर पळते, कॅच झाला की बेसला पाय लावून ती सुटू शकते.

आता मूळ प्रश्नवाल्या ताई, थ्रोबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो कारण मी शॉर्टस्टॉप, सेकंड आणि थर्डच्या मध्ये उभा असतो, लेफ्टचे थ्रो माझ्याच अंगावर येतात. दोन बेसमधलं अंतर ६० फूट, चांगली पळणारी तीन सेकंदांच्या आसपास ते कापते, तेव्हा वर उडवलेला गोल गोल थ्रो म्हणजे तिला रिक्षात बसवून पाठवल्यासारखं आहे. बॉल उचलला की एक छोटी उडी, मागचा पाय रोवायचा आणि खांद्यावरून फेकायचं, साइडनं फेकलंस तर बॉल वळतो. सिंगल पडली (बॅटर फर्स्टला पोचली) आणि पुढे कोणी रनर नसेल तर बॉल सरळ सेकंडला, विचार करायचाच नाही. सेकंडवर रनर असेल तर ती होमला सुटणार, तेव्हा आमच्यात थर्ड बेसवाला कटऑफला (थ्रो मध्येच पकडून पुढे द्यायला) येतो आणि मी थर्ड झाकतो, तुमच्यात वेगळं असेल तर सरांना आजच विचार. कटऑफच्या छातीच्या उंचीवर फेक, त्याच्या डोक्यावरून नको.

आणि बॉल तुझ्याकडे येत नाही तेव्हाच खरं काम असतं. थर्डची स्टील झाली (पिचरनं बॉल टाकताच रनर थर्डकडे पळाली), कॅचरचा थ्रो सुटला, मागे कोण? तू. बंट झाला (बॅटरनं बॉल हळूच पुढ्यात टाकला) आणि थर्ड बेसवाली पुढे धावली, तेव्हा पण तिकडे सरक. सेंटरला बॉल गेला तर तिच्या मागे जा. फक्त बेसला चिकटून उभी राहू नकोस, वीस-पंचवीस फूट मागे, नाहीतर सुटलेला बॉल तुला पण चुकवून जातो. मी एकदा थर्डला सोपा थ्रो सोडला आणि लेफ्टवाली तिकडे क्रिकेटच बघत होती 😀 दोन रन गेले. चूक माझीच होती पण शिव्या दोघांनी खाल्ल्या.

गंगापूररोडवाली
बापरे, मला वाटलं फक्त कॅच घ्यायचे असतात. सेंटरवाली आणि मी दोघी एकाच बॉलवर धावलो तर? काल डोकी आपटता आपटता राहिली. आणि लाईनच्या बाहेर उंच उडालेला फाउल घ्यायचाच ना?

जुनी_सातनंबरी
दोघी ओरडलात तर सेंटरचा. तू आणि शॉर्टस्टॉप असाल तर तुझा, कारण तू पुढे येतेस आणि तो मागे जातो. ओरडायचं ते तीनदा आणि मोठ्यानं, "मी मी मी", तोंडातल्या तोंडात नाही. आमच्यात एक मुलगी इतकं हळू म्हणायची की आम्ही तिला "अगं लाजू नकोस, तुझं लग्न नाही ठरवत" म्हणायचो.

फाउल एरवी घ्यायचाच, फुकटचा आउट आहे. पण थर्डवर रनर आहे, दोनपेक्षा कमी आउट आहेत आणि शेवटच्या इनिंगला स्कोअर बरोबरीत आहे, अशा वेळी लांबचा फाउल घेतलास तर ती कॅचनंतर आरामात होमला जाते आणि मॅच संपते. तो पडू द्यायचा. हे पिच (पिचरचा बॉल) पडायच्या आधीच डोक्यात ठरलेलं हवं, बॉल हवेत असताना आउट किती ते मोजायला वेळ नसतो. मी दर पिचला बोटांवर आउट धरून ठेवायचे. डावरी स्लॅप मारणारी (पळत पळतच बॉल टोलवणारी) आली तर चार पावलं पुढे ये, तिचे बॉल शॉर्टच्या मागेच मरतात.

बाय द वे २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकची फायनल बघ, जपाननं अमेरिकेला २-० नं हरवलं ती. अमेरिकेच्या लेफ्ट फील्डर जेनी रीडनं कुंपणावरून हात घालून होमरन काढून आणलाय. आईंना दाखव तो.

गंगापूररोडवाली
दाखवला. आई म्हणाली "अगंबाई, आदळली की ती" आणि मग "पण ग्लोव्ह सोडला नाही बघ". आज सकाळी बाबांनी पार्किंगमध्ये टेनिस बॉल उंच फेकून दिले, पंधरातले नऊ घेतले, एक शेजारच्या काकूंच्या कुंडीत. उजवा पाय मागे टाकायला अजून अर्धा सेकंद उशीर होतोय. सरांना कटऑफचं विचारलं तर म्हणाले, शॉर्टस्टॉपच घेते, आणि हे तुला कोणी सांगितलं?