संगणक सुरू होईपर्यंत तुम्ही काय करत होता?

मुलुंडकर (धागाकर्ती)
गेल्या पावसाळ्यात कार्यालयाने जुना संगणक काढून नवा लॅपटॉप दिला आणि माझी वीस वर्षांची सवय मोडली. फोर्टच्या कचेरीत शिरल्याबरोबर आधी संगणकाचे बटण दाबायचे, मग ओली छत्री गॅलरीत उघडून ठेवायची, डबा कपाटात ठेवायचा, बाटली भरून आणायची आणि परतल्यावर पासवर्ड टाकायचा, असा क्रम ठरलेला होता. आता छत्री हातात असतानाच पासवर्डची चौकट समोर हजर असते. बटण दाबल्यापासून प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंतचा वेळ तुमच्याकडे कसा बदलत गेला, ते कृपया सविस्तर लिहावे.

दादरकर
माझा अनुभव उलटा आहे. मी पाहिलेला पहिला संगणकच सर्वांत चपळ होता. १९८४ च्या सुमारास सुरू झालेल्या शाळांत संगणक शिकवण्याच्या सरकारी ‘क्लास’ योजनेतून आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. बटण दाबले की एक छोटा दुहेरी आवाज येई आणि तो विरायच्या आत काळ्या पडद्यावर ‘बेसिक’ ही अक्षरे व त्याखाली लुकलुकणारी खूण दिसे. बेसिक भाषा आतल्या रॉम चिपमध्येच कोरलेली असल्यामुळे बाहेरून काही आणावेच लागत नसे. खरी वाट पाहावी लागे ती कॅसेटवरचा प्रोग्रॅम चढवताना. टेपरेकॉर्डरचा आवाज जरासा कमीजास्त झाला की कॅसेट मागे गुंडाळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे, आणि तोवर तास संपल्याची घंटा होत असे.

डोंबिवलीकर
मी बँकेतून निवृत्त झालो. आमच्या शाखेतल्या पहिल्या यंत्रांत हार्ड डिस्क नव्हती. संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम असलेली ३६० केबीची सव्वापाच इंची फ्लॉपी ‘ए’ ड्राइव्हमध्ये घालायची, खिटी फिरवायची आणि बटण दाबायचे. आधी पडद्याच्या कोपऱ्यात मेमरीचे आकडे एकेक करत वाढत जात, मग एक ‘बीप’ वाजे, आणि त्यानंतर फ्लॉपी करकरू लागे. तो ‘बीप’ वाजेपर्यंत आमचे साहेब खुर्चीत टेकत नसत. एके दिवशी काउंटरसमोर रांग लागलेली असताना पडद्यावर ‘नॉन-सिस्टीम डिस्क’ असा संदेश आला. मशीन बिघडले असे समजून आम्ही दुरुस्तीवाल्याला फोनही केला. प्रत्यक्षात आदल्या संध्याकाळी कोणीतरी खातेदारांच्या माहितीची फ्लॉपी ड्राइव्हमध्येच विसरले होते. (ते कोणीतरी म्हणजे मीच, हे आता सांगायला हरकत नाही.)

गिरगावकर
डीटीपीवाल्यांची, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्यांची, व्यथा वेगळी होती. माझ्याकडे विंडोज ९८ होते आणि लग्नपत्रिकांसाठी जमवलेले शेकडो फाँट होते. जितके फाँट जास्त, तितका संगणक सुरू व्हायला उशीर होत असे, कारण प्रत्येक फाँटची नोंद सुरुवातीलाच घेतली जाई. त्यातच दिवाळी अंकांच्या धांदलीत वीज गेली, म्हणजे पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क अवतरे आणि डिस्क तपासत बसे. कळ दाबून ती तपासणी टाळता येत असे; पण एकदा टाळली आणि पुढे सत्तर पानांची फाइल उघडेना, तेव्हापासून मी निमूटपणे खालच्या टपरीवर चहा घेऊ लागलो. माझ्या कामाचे दर अजून तसेच असले, तरी त्या चहावाल्याची प्रगती मात्र मी डोळ्यांनी पाहिली.

लॅमिंग्टन रोडवरचा दुरुस्तीवाला
गिऱ्हाईक येते आणि ‘रॅम वाढवा’ म्हणते. पुष्कळदा दोष रॅमचा नसतो. संगणक सुरू होताना हजारो लहान फायली वाचाव्या लागतात आणि त्या डिस्कवर विखुरलेल्या असतात. हार्ड डिस्कमधली मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी ताटली एका फेरीला सुमारे ८ मिलिसेकंद घेते. हवा तो भाग वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, शिवाय टोक सरकायलाही वेळ लागतो. हे हजारो वेळा झाले की मिनिटे जातात. एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, हिच्यात फिरणारे काहीच नसते. दहा वर्षे जुन्या लॅपटॉपमध्ये ती बसवून दिली की गिऱ्हाईक आधी विचारते, ‘नवीन मशीन तर नाही ना दिले?’

पार्लेकर
आजच्या वेगात थोडी लबाडीही आहे, ही बाब इथे नोंदवतो. मी एका कंपनीत संगणकांची देखभाल करतो. २०१२ मध्ये विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आले. त्यात शटडाउन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा जशाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत मेमरीत आणला जातो. एक बाई शपथेवर सांगत होत्या की त्या रोज मशीन बंद करतात. विंडोजमधला टास्क मॅनेजर मात्र मशीन १९ दिवस अखंड चालू असल्याचे दाखवत होता. दोघेही खरेच बोलत होते. अडकलेला प्रिंटर शटडाउनने सुटला नाही, रीस्टार्टने लगेच सुटला, कारण रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते.

ठाणेकर
लॅपटॉप दहा सेकंदांत सुरू होतो, हे मान्य. त्यानंतर व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी), मग ओटीपी, मग ‘अपडेट सुरू आहे, बंद करू नका’. आमच्याकडे छत्री वाळते.

मुलुंडकर (धागाकर्ती)
ठाणेकर, पटले. घरचे एक सांगायचे राहिले. माझ्या वडिलांना मागच्या वर्षी एसएसडी असलेला संगणक घेऊन दिला. ते अजूनही बटण दाबतात, देवपूजा आटोपतात, चहा घेतात आणि मग खोलीत येतात. तोपर्यंत वापर नसल्यामुळे पडदा पुन्हा काळा झालेला असतो, आणि ते मला हाक मारून विचारतात, ‘अगं, हा अजून सुरू कसा झाला नाही?’