शब्दचर्चा : दहाव्या आज्ञेतील ‘लोभ’ आणि पौलाचे ‘समाधान’

ऐरोलीकर :

आमच्या मंडळीच्या घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभांत सध्या दहा आज्ञांचा अभ्यास चालू असून दहाव्या आज्ञेची तयारी माझ्याकडे आली आहे. बायबलमधील निर्गम २०:१७ मध्ये ‘आपल्या शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको’ असे वचन आहे, आणि त्याच वचनात शेजाऱ्याच्या बायकोविषयी ‘अभिलाषा’ हा शब्द येतो. आमच्या तरुण मुलामुलींना ‘लोभ’ हा शब्द गोष्टीतल्या सावकारापुरता ठाऊक आहे, त्यामुळे ही आज्ञा आपल्याला लागू नाही असे त्यांना वाटते. मोठ्यांची अडचण निराळी आहे. कुणी सिडकोच्या सोडतीत अर्ज भरलेला, कुणी भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाण्यासाठी वर्षानुवर्षे पैसे साठवणारा. घर हवेसे वाटणे हाही लोभच का, असे ते विचारतात. लोभ, हाव, हव्यास, लालसा, मोह, सोस यांपैकी कोणत्या शब्दाने ही आज्ञा समजावून सांगावी? आणि तिची दुसरी बाजू सांगताना समाधान, संतोष, तृप्ती यांपैकी कोणता शब्द घ्यावा? ‘समाधान मानून घ्या’ असे म्हटले की ऐकणाऱ्यांचे चेहरे पडतात, हे मी पाहिले आहे.

नौपाड्याची वाचक :

‘लोभ’ हा शब्द सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. जुन्या पत्रांच्या शेवटी ‘लोभ असावा, ही विनंती’ किंवा ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’ असे आपले वडीलधारे लिहीत असत, आणि तिथे लोभ म्हणजे जिव्हाळा. मराठीत लोभ म्हणजे मन कशाला तरी जाऊन जडणे; ते कशाला जडले आहे यावरून त्याचा बरेवाईटपणा ठरतो. मूळ हिब्रू वचनातले ‘हामद’ हे क्रियापदही असेच दुहेरी आहे. एदेन बागेतले झाड हवेसे वाटले तिथे, उत्पत्ती ३:६ मध्ये, याच धातूचे रूप आहे, आणि परमेश्वराचे निर्णय सोन्यापेक्षाही हवेसे वाटावेत असे १९ व्या स्तोत्रात म्हटले आहे तिथेही तेच. देवाने माणसाला इच्छाच करू नको असे कुठेही सांगितलेले नाही, हे मुलांना आधी कळू द्यावे. नाही तर दहावी आज्ञा म्हणजे मन मारून जगण्याचा हुकूम आहे असा त्यांचा समज होतो आणि मग ती मोडली काय, पाळली काय, सारखेच वाटू लागते.

इतर शब्दांपैकी ‘हाव’ला मोजमाप नाही, ‘हावरट’ म्हणताना आपल्याला खाण्याची घाईच आधी आठवते. ‘हव्यास’ चांगल्या गोष्टीचाही असतो, उदाहरणार्थ वाचनाचा. ‘सोस’ दागिन्यांचा असतो, साड्यांचा असतो, पण त्याला शेजाऱ्याची गरज लागत नाही, आणि आज्ञेत तर शेजारी पुन्हा पुन्हा येतो. ‘मोह’ हा शब्द जवळचा आहे खरा, तरी मोह होतो, पडतो; तो आपल्यावर येऊन आदळतो. लोभ मात्र आपण ‘धरतो’. मला या क्रियापदाचे मोल फार वाटते. नजर जाणे आणि धरून ठेवणे यांत जे अंतर आहे तिथेच माणसाची जबाबदारी सुरू होते. यहोशवाच्या ७ व्या अध्यायातला, युद्धातल्या लुटीतला ऐवज चोरणारा आखान आपल्या कबुलीत तीन क्रियापदे ओळीने सांगतो : मी पाहिले, मला त्याचा लोभ वाटला, मी घेतले. एक शिनारी (बाबेली) झगा, २०० शेकेल (त्या काळचे वजन) रुपे आणि ५० शेकेलांची सोन्याची वीट एवढाच तो ऐवज होता, आणि तो त्याने तंबूत जमिनीखाली पुरला होता, म्हणजे तो झगा त्याला एकदाही अंगावर घालता आला नसता.

बेलापूरचा वाचक :

एक छोटी भर घालतो. आम्हा कॅथलिकांच्या धर्मशिक्षणात ही आज्ञा दोन ठिकाणी विभागलेली आहे. परस्त्रीची अभिलाषा ही नववी आणि परधनाचा लोभ ही दहावी. अनुवाद ५:२१ मध्ये बायको आधी येते, मग घर, आणि शेताचाही उल्लेख होतो. शिवाय तिथे हिब्रूत दोन निरनिराळी क्रियापदे आहेत. मराठीतले ‘अभिलाषा’ आणि ‘लोभ’ हे दोन शब्द त्या दृष्टीने उपयोगीच ठरतात. सभेत दोन्ही परंपरांचे लोक असतील तर क्रमांकावरून गोंधळ होऊ नये, एवढ्यासाठी लिहिले.

घोडबंदर रोडचा रहिवासी :

घराविषयीच्या प्रश्नाचे उत्तर १ राजे २१ मध्ये शोधावे, असे मी सुचवीन. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाला लावण्यासाठी हवा होता, कारण तो राजवाड्याला लागून होता. त्याने जबरदस्तीने सुरुवात केली नाही. त्याऐवजी तुला अधिक चांगला मळा देतो, नाही तर रोख किंमत देतो, असे तो म्हणाला. आजच्या व्यवहारात हा प्रस्ताव कुणालाही रास्त वाटला असता. नाबोथाने नकार दिला, कारण ते त्याच्या वाडवडिलांचे वतन होते, आणि लेवीय २५:२३ प्रमाणे जमीन देवाची असल्याने ती कायमची विकण्याचा अधिकार इस्राएली माणसाला नव्हता. वतन या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रात वेगळा उलगडून सांगण्याची गरज नाही. यानंतर राजा काय करतो ते पाहावे : तो घरी येऊन बिछान्यावर पडतो, तोंड फिरवतो आणि जेवत नाही. सगळे राज्य हाताशी असलेला माणूस एका मळ्यासाठी उपाशी राहतो. माझ्या मते लोभाची खूण तिथे दिसते. हवेसे वाटणे, किंमत विचारणे, अर्ज भरणे, पैसे साठवणे यांत दोष नाही. पण ‘नाही’ हे उत्तर ऐकल्यावर जे आपल्याजवळ आहे ते सगळे बेचव होत असेल, तर इच्छेचा लोभ झालेला आहे. पुढे त्याची राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथाला दगडमार होतो आणि अहाब मळ्याचा ताबा घ्यायला उतरतो. दहावी आज्ञा मनात मोडली की आमच्या क्रमाने नववी (खोटी साक्ष), सहावी (खून) आणि आठवी (चोरी) कशा ओळीने मोडत जातात, हे या एका अध्यायात दिसते.

सोडतीत नाव लागले नाही म्हणून दोन दिवस वाईट वाटणे हे माणसाचे आहे. ज्याचे नाव लागले त्याच्याकडे जाणे-येणे आपण बंद केले का, हे मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारावे. नव्या घराच्या समर्पणाची प्रार्थना चालू असताना सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात आणि कुणाचा तरी एक डोळा स्वयंपाकघरातल्या नव्या ओट्यावर आणि चिमणीवर फिरत असतो, मग ‘आमेन’ झाल्याबरोबर पहिला प्रश्न येतो, ‘सगळं मिळून कितीला पडलं?’ प्रश्न वाईट नाही. तो कुठल्या मनाने विचारला हे विचारणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि म्हणूनच ही आज्ञा कोणत्याही न्यायालयात चालवता येणार नाही. प्रेषित पौलाने आपल्या पत्रात, रोम ७:७ मध्ये, स्वतःचे पाप ओळखण्यासाठी नेमकी हीच आज्ञा निवडली, याचे कारण मला इथे सापडते.

बेलापूरचा वाचक :

नव्या करारातल्या शब्दाविषयीही लिहायला हवे. लूक १२:१५ मध्ये येशू ‘सर्व प्रकारच्या लोभापासून’ जपायला सांगतो. तिथे ग्रीक शब्द ‘प्लिओनेक्सिया’ आहे. ‘अधिक’ आणि ‘असणे’ या दोन शब्दांपासून तो बनला आहे. हे बोलणे ज्या प्रसंगातून निघाले तो प्रसंग आपल्या घरांत नित्याचा आहे : गर्दीतला एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. येशू वाटणी करणारा न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि मोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या धनवानाचा दाखला सांगतो. त्या धनवानाच्या स्वगतात ‘माझे’ हा शब्द किती वेळा येतो ते मुलांना मोजायला लावावे. त्याने कुणाचे काही चोरलेले नाही, त्याच्या जमिनीला पीक आले आहे एवढेच. म्हणजे शेजारी समोर नसतानाही लोभ असू शकतो, आणि नौपाड्याच्या वाचक ताईंनी बाजूला ठेवलेला ‘हाव’ हा शब्द मला इथे अधिक नेमका वाटतो. कलस्सै ३:५ मध्ये याच प्लिओनेक्सियाला मूर्तिपूजा म्हटले आहे. ज्याच्यावर भरवसा ठेवून माणूस रात्री निश्चिंत झोपतो ते त्याचे दैवत, असा त्याचा अर्थ मी घेतो.

नेरूळवासी :

आता समाधानाकडे येऊ. ऐरोलीकर यांनी पडलेल्या चेहऱ्यांविषयी लिहिले त्याचे कारण आपल्या भाषेत आहे. ‘समाधानी’ ही स्तुती आहे, पण ‘समाधान मानून घेतले’ म्हणजे हवे ते मिळाले नाही. आणि ‘अल्पसंतुष्ट’ तर सरळ सरळ दूषण आहे, पालक मुलांना रागावताना वापरतात ते. १ तीमथ्य ६:६ मध्ये ‘चित्तसमाधानासह भक्ती हा तर मोठाच लाभ आहे’ असे आपण वाचतो, आणि ‘चित्ती असू द्यावे समाधान’ हा तुकोबांचा चरण कानांवर असलेल्या मराठी माणसाला तो शब्द लगेच आपला वाटतो. तरीही पौलाच्या मनात जे आहे ते पूर्णपणे त्यात येत नाही, असे मला वाटते.

ग्रीकमध्ये तिथे ‘अवतार्किया’ आहे. प्राचीन ग्रीसमधल्या स्तोइक पंथाच्या तत्त्वज्ञांचा तो आवडता शब्द. ज्याला बाहेरून काहीही लागत नाही, जो स्वतःला स्वतः पुरतो, अशा माणसाची ती स्थिती. फिलिप्पै ४:११ मध्ये पौल त्याच शब्दाचे विशेषण स्वतःला लावतो, पण दोनच वचनांनंतर आपले बळ कुठून येते ते सांगतो, आणि ते स्वतःतून येत नाही, सामर्थ्य देणाऱ्याकडून येते. या शब्दाचा मूळ धातू ‘पुरणे’ या अर्थाचा आहे. इब्री १३:५ मध्ये ‘जवळ आहे तेवढ्यात तृप्त असा’ म्हटले आहे तिथे तोच धातू, अन्नवस्त्र असल्यास तेवढ्यात तृप्त असावे असे १ तीमथ्य ६:८ मध्ये म्हटले आहे तिथेही तोच, आणि शरीरातला काटा (एक सततची पीडा) काढून टाक अशी विनंती पौलाने तीनदा केल्यावर ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ असे जे उत्तर मिळाले, २ करिंथ १२:९, तिथेही तोच. मराठीत हे धागे चित्तसमाधान, तृप्त, पुरेशी असे निरनिराळ्या शब्दांत विखुरले गेले आहेत. अभ्यासाच्या वेळी ते ‘पुरणे’ या एका साध्या क्रियापदाने पुन्हा जोडून दाखवावेत. पगार पुरतो का, पाणी पुरते का, जागा पुरते का, हे शब्द आपल्या तोंडी दिवसभर असतात; त्याच भाषेत, कृपा पुरते का, हा प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारला की समाधान म्हणजे हार मानणे हा गैरसमज फार वेळ टिकत नाही.

आणखी दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पौल म्हणतो की हे मी ‘शिकलो आहे’. स्वभावानेच समाधानी असल्याचा दावा तो करत नाही. आणि इब्री १३:५ मध्ये तृप्त राहण्याचे कारण दिलेले आहे, ‘मी तुला सोडून जाणार नाही’. ते कारण गाळून नुसता उपदेश केला, तर उरतो तो कोरडा संयम. तो चांगलाच असतो, पण त्याला ख्रिस्ती समाधान म्हणता येणार नाही.

ऐरोलीकर :

सर्वांचे मनापासून आभार. ‘लोभ धरणे’ आणि ‘पुरणे’ ही दोन क्रियापदे मी अभ्यासाच्या कागदावर घेत आहे. एक प्रश्न मात्र राहतो आणि तो मला टाळायचा नाही. आमच्या मंडळीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या भगिनी आहेत. दोन खोल्यांच्या भाड्यासाठी ओढाताण होत असलेल्या बाईला ‘तेवढ्यात तृप्त राहा’ असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

नौपाड्याची वाचक :

तिला तसे सांगू नये. पवित्र शास्त्रात समाधानाची भाषा बोलणारा पौल स्वतः बंदिवासात आहे. तो आपल्या अवस्थेविषयी बोलतो, दुसऱ्याच्या गरजेवर झाकण घालत नाही. त्याच तीमथ्याच्या पत्रात, ६:१७ व १८ मध्ये, ज्यांच्याजवळ आहे त्यांना उदार व्हायला आणि वाटून द्यायला सांगितले आहे. याकोब ५:४ मध्ये तर मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरड करत आहे असे म्हटले आहे. ठरलेला पगार वेळेवर मागणे, तो वाढवून मागणे, मुलीला शिकवणे, हे लोभात मोडत नाही. त्यात शेजाऱ्याचे काही हिरावून घ्यायचे नसते. समाधानाचा उपदेश वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्याला होऊ लागला की तो अन्यायाचा साथीदार बनतो, आणि मंडळीत तसे होत असेल तर पाळकसाहेबांनी ते बोलून दाखवले पाहिजे.

नेरूळवासी :

ताईंच्या म्हणण्याला आधार म्हणून फिलिप्पैकरांस पत्रातलेच पुढचे वचन पाहावे. मला सर्व स्थितींत पुरते असे म्हणून झाल्यावर, ४:१४ मध्ये पौल लगेच लिहितो की तरी माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरे केले. त्याचे समाधान फिलिप्पैकरांना मदतीच्या कर्तव्यातून सोडवत नाही. २ करिंथ ९:८ मध्ये ‘अवतार्किया’ पुन्हा येतो, आणि तिथे हे पुरेसेपण सर्व चांगल्या कामांसाठी आहे असे स्पष्ट म्हटले आहे. तो सगळा अध्याय यरुशलेमेतल्या गरीब पवित्र जनांसाठी गोळा करायच्या वर्गणीविषयी आहे. त्यामुळे अभ्यासाच्या शेवटी मंडळीतल्या कुणाच्या भाड्याची किंवा मुलांच्या फीची सोय त्याच बैठकीत कशी करता येईल हा विषय घ्यावा, आणि ज्यांच्यासाठी ती करायची त्यांना सर्वांसमोर उभे करू नये.