बाबांचा मोबाईल हिसकावला, दाखल्यावर मात्र 'गहाळ'. आता एफआयआर कशी करायची? (मुंबई)

मंडळी, जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय घोळ कळणार नाही.

मागच्या मंगळवारी संध्याकाळी बाबा (वय ६९) हार्बर लाइनच्या एका स्टेशनचा पूल उतरत होते, मलाच फोन लावत होते, शेवटच्या चारपाच पायऱ्यांवर एका पोराने हातातला मोबाईल खेचला आणि गर्दीत गायब. बाबा पडले, गुडघा सोलवटलाय, बाकी ठीक.

मी पोचल्यावर आधी शहर पोलिसांकडे गेलो, ते म्हणाले पूल रेल्वेचा, तिकडे जा. रेल्वे पोलिसांनी विचारलं नेमकी कितवी पायरी? शेवटच्या पायऱ्या रस्त्यावर उतरतात म्हणजे हद्द शहराची. एरवी हसलो असतो पण बाबा गुडघ्याला रुमाल बांधून बाकड्यावर बसलेले. परत पहिल्या ठाण्यात. साहेब बंदोबस्ताला, थांबा. शेवटी साडेदहाला एका हवालदारांनी (माणूस वाईट नव्हता हो, बाबांना पाणी वगैरे दिलं) समजावलं की काका, हिसकावला लिहिलं तर या वयात कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतील, नव्या सिमकार्डला गहाळचा दाखला चालतो. बाबांनी सही केली. मी तेव्हा बाहेर उभा राहून कस्टमर केअरला सिम बंद करायला सांगत होतो, नाहीतर करू दिली नसती.

आता खरी गोची. सिम बंद व्हायच्या आधीच खात्यातून दोन वेळा मिळून १९,५०० रुपये यूपीआयने गेलेत. पिन कव्हरच्या आत चिठ्ठीवर लिहिलेला होता. प्लीज त्यावरून ओरडू नका, घरात सगळ्यांचं ओरडून झालंय. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला, तक्रार क्रमांक मिळालाय. सीईआयआरवर (हरवलेले-चोरलेले मोबाईल बंद करायचं सरकारी पोर्टल) आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) ब्लॉकची रिक्वेस्टही टाकली, तिथे गहाळचा दाखला चालला. पण बँक म्हणते एफआयआरची कॉपी आणा, तुमच्या कागदावर तर 'प्रवासात गहाळ' आहे. ठाण्यात परत गेलो तर उत्तर, तुमच्याच वडिलांची सही आहे ना?

गहाळचा दाखला दिल्यावर त्याच घटनेची एफआयआर होते का? हद्दीचं काय करायचं? वकील लागेलच का? कोणी हे केलं असेल तर सांगा.

---

प्रतिसाद, जुनाखटला:
होते. गहाळचा दाखला म्हणजे नुसती नोंद, त्याने गुन्हा मिटत नाही. हद्दीचं नाटक तर चालतच नाही, बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, खबर घ्यावीच लागते, म्हणजे झिरो एफआयआर, नंतर ते आपापसात वर्ग करतील. हिसकावणं हा बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३०४ खाली दखलपात्र (पोलिसांना कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो असा) गुन्हा आहे आणि दखलपात्र असेल तर नोंदवलाच पाहिजे हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. फक्त ३ वर्षं किंवा त्याहून जास्त, पण ७ वर्षांच्या आत शिक्षेचे गुन्हे असले की आता वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते, ते कारण पुढे करतील. मग परवानगी लेखी मागा.

लेखी अर्ज द्या, पोचपावतीचा शिक्का घ्या. नाही घेतला तर १७३(४) खाली डीसीपींना (पोलीस उपायुक्त) स्पीड पोस्टने. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे १७५(३) चा अर्ज, त्याला प्रतिज्ञापत्र आणि या आधीच्या अर्जांचा पुरावा लागतो, म्हणून पोस्टाची पावती जपा. त्या टप्प्यावर वकील घ्या, आधी गरज नाही.

प्रतिसाद, पेणकरीण:
सीसीटीव्हीचं आजच अर्जात लिहा!! फुटेज पुसलं जातं. आमच्या वेळी अर्ज केला तोवर गेलेलं होतं. आणि गुडघ्याचे डॉक्टरचे कागद जोडा.

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे. जुनाखटला, अर्जात सहीचं काय लिहू? गैरसमजातून केली असं लिहिलं तर बाबा चिडतात, म्हणतात गैरसमज कसला, मला नीट समजावूनच सही घेतली. तेच लिहू का? आणि अर्ज हाताने मराठीत लिहिला तर चालेल ना, प्रिंटरची शाई संपलीये.