उपवासकाळात शुक्रवारी चिकन नाही, मग चिंबोरी कशी चालते?

पापडीची सून:
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे राखेच्या बुधवारनंतर (ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तो दिवस) दर शुक्रवारी मटण-चिकन बंद, मासे चालतात. परवा निवट्यांचं कालवण केलं तर मुलगा (१२ वर्षांचा) म्हणाला मम्मी निवटी तर चिखलात उड्या मारत फिरते, ती मासा कशी? आणि चिंबोरीला तर पाय असतात! सासूबाई म्हणाल्या पूर्वापार चालत आलंय, पण त्याला काही पटेना आणि मलाही सांगता येईना. कुणाला नीट माहीत आहे का?

गिरीजकर:
निवटी मासाच आहे ताई, कल्ले असतात तिला. नियमात मांस म्हणजे जमिनीवरच्या गरम रक्ताच्या प्राण्या-पक्ष्यांचं, त्यामुळे कोलंबी, चिंबोरी, कालवं सगळं त्याच्या बाहेर. १३व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी कारण दिलंय की जमिनीवरच्या प्राण्यांचं मांस खायला जास्त सुखाचं, म्हणून तेच सोडायचं. तेव्हा अंडी, दूधसुद्धा बंद असायचं, आता पोप पॉल सहावे यांच्या १९६६च्या नियमात ते चालतं असं स्पष्ट लिहिलंय. आणि १४ पूर्ण होईपर्यंत तुमच्या मुलाला बंधनच नाही.

मडगाववाला:
व्हेनेझुएलात कापिबारा खातात या दिवसांत, पन्नासेक किलोचा, उंदराच्या कुळातला, पण अर्धा वेळ पाण्यात असतो म्हणून चर्चने त्याला माशात धरलं असं तिथे पिढ्यानपिढ्या सांगतात. २०१०मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांनी मगरीच्या जातीतला अ‍ॅलिगेटर चालेल असं पत्रच दिलंय. बेडूकही नियमात बसतो, पण आपल्याकडे तो पकडायला कायद्याने बंदी आहे, आणि ती पाळलीच पाहिजे.

जुनी वसई:
सगळं बरोबर, पण मला वाईट वाटतं ते याचं की शुक्रवारी लोक मोठं पापलेट आणतात, सोबत कोलंबी, म्हणजे रोजच्यापेक्षा जास्त खर्च, मग सोडलं काय? आमची आई गुड फ्रायडेला पेज आणि भाजलेला सुका बोंबील एवढंच द्यायची, तोही एकाला एक.

पापडीची सून:
खूप आभार सगळ्यांचे. त्याला वाचून दाखवलं, बंधन नाही तरी पाळणार म्हणतोय. आता नवीन प्रश्न, तळ्यातलं बदक दिवसभर पाण्यातच असतं, ते?

गिरीजकर:
नाही, बदक पक्षीच. ते ईस्टरला.